गुप्त बातमीदाराशी व्यवहार कसा ठेवावा: गोव्यातील नव्या तपास अधिकाऱ्यांसाठी

वाळपईच्या पोलीस प्रशिक्षण केंद्रातून बाहेर पडून ठाण्यावर रुजू होणाऱ्या उपनिरीक्षकाला कलमे पाठ असतात आणि पंचनामाही लिहिता येतो. मात्र पहिल्या काही महिन्यांतच कोणीतरी मोटारसायकल ठाण्यापासून लांब उभी करून येतो, इकडेतिकडे पाहतो आणि ‘साहेब, एक सांगायचे होते’ असे म्हणतो, तेव्हा त्या माणसाचे नेमके काय करायचे हे पुस्तकात सापडत नाही. पुढील मजकूर त्या प्रसंगासाठी लिहिला आहे. माझ्या सेवेतील बराचसा काळ उत्तर गोव्याच्या किनारपट्टीवर गेल्यामुळे उदाहरणे बहुतांशी अमली पदार्थांच्या तपासातील आहेत. परंतु मटका, रात्रीचा बेकायदा रेती उपसा किंवा महाराष्ट्राच्या सीमेवरील पत्रादेवीमार्गे चोरून नेली जाणारी दारू यांच्या तपासातही हीच पद्धत उपयोगी पडते.

बातमीदाराच्या शब्दावर आरोपपत्र उभे राहत नाही. त्याच्या बातमीवरून आपण स्वतः जाऊन, पाहून आणि पंचांसमक्ष जे हस्तगत करतो त्यावरच ते उभे राहते. आणि बातमीदाराचे नाव कायमचे गुप्त राहू शकते तेही याच कारणामुळे, कारण असा पुरावा हाती असला की खटल्याला त्या माणसाची गरज पडत नाही. आपला स्वतंत्र पुरावा जितका भक्कम, तितका तो माणूस सुरक्षित राहतो. पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीतून निघालेली आहे.

समोरचा माणूस कोणत्या नात्याने आला आहे

माहिती देणारा प्रत्येक जण गुप्त बातमीदार नसतो. ज्याच्या सांगण्यावरून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ खाली प्रथम माहिती अहवाल नोंदवला जातो, तो फिर्यादी होय. त्याची सही घेतली जाते, त्याचे नाव आरोपीला मिळते आणि त्याला न्यायालयात उभे राहावे लागते. गुन्ह्यात स्वतः सामील असलेला आणि न्यायालयाने कलम ३४३ खाली माफी दिलेला माणूस हा माफीचा साक्षीदार असतो, आणि त्याचेही नाव उघड होते. डमी गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला माणूस व्यवहाराचा प्रत्यक्ष साक्षीदार बनतो. गुप्त बातमीदार या तिघांहून वेगळा आहे: तो सांगतो आणि बाजूला होतो.

भूमिका बदलली की संरक्षणही बदलते, हे नवा अधिकारी विसरतो. संशयित ओळखू यावा म्हणून बातमीदाराला जीपमध्ये बसवून जागेवर नेले, किंवा ‘तूच फोन करून त्याला बोलाव’ असे सांगितले, तर त्याच क्षणी आपण त्याला साक्षीदार बनवलेले असते. पुढे बचाव पक्षाचा वकील ‘त्या वेळी तिथे आणखी कोण होते’ असे विचारतो, तेव्हा खोटे बोलता येत नाही आणि खरे सांगितले तर माणूस उघडा पडतो. म्हणून बातमीदाराला घटनास्थळी नेऊ नये. ओळख पटवायचीच असेल तर ती आदल्या दिवशी, दुरून, वेगळ्या निमित्ताने पटवून घ्यावी.

अमली पदार्थांच्या छाप्यात बहुतेक वेळा छापा टाकणारा अधिकारीच सरकारतर्फे फिर्याद देतो. त्यानेच पुढचा तपास केला एवढ्या कारणावरून खटला आपोआप निकालात निघत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. तरीही शक्य असेल तेथे तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यावा. ज्याला बातमीदार माहीतच नाही, त्याच्या तोंडून उलटतपासणीत चुकूनही नाव निघत नाही.

तो का सांगतो आहे

बातमी ऐकण्याआधी हा प्रश्न मनात असावा, आणि उत्तर मिळाल्यानंतरही तो सोडू नये. कोणी पैशासाठी येतो, कोणी स्वतःवरील गुन्ह्यात सवलत मिळेल या आशेने येतो. कोणाच्या मुलाला वागातोरच्या पार्ट्यांतून व्यसन लागलेले असते आणि तो बाप रागाने व दुःखाने येतो. कोणाला प्रतिस्पर्ध्याचा धंदा बंद पाडायचा असतो. भाड्याची खोली रिकामी करून घ्यायची असते, म्हणूनही भाडेकरूविरुद्ध बातमी येते, आणि भाऊबंदकीत तुंबलेला जमिनीचा वाद तर आपल्याकडे अनेक बातम्यांच्या मुळाशी सापडतो. हेतू वाईट असला म्हणजे बातमी खोटी ठरत नाही, तसेच हेतू चांगला असला म्हणून ती खरीही ठरत नाही. हेतूवरून एवढेच कळते की बातमीच्या कोणत्या भागात फुगवटा असण्याचा संभव आहे.

सूडाच्या बातमीकडे फार जपून पाहावे. एमडीएमए हा पार्ट्यांतील नशेचा पदार्थ १० ग्रॅमपेक्षा, कोकेन १०० ग्रॅमपेक्षा किंवा चरस १ किलोपेक्षा जास्त असला की ती व्यापारी मात्रा ठरते. त्यासाठी किमान १० वर्षांची सक्तमजुरी आहे आणि अमली पदार्थ कायद्याच्या कलम ३७ मुळे जामीन मिळणे अतिशय अवघड होते. १० ग्रॅमची पुडी मुठीत मावते. काळ्या पाटीवर पिवळे अंक असलेली भाड्याची स्कूटर दहा दिवसांत दहा जणांनी चालवलेली असते आणि तिच्या डिकीत काय ठेवले आहे याची चालवणाऱ्याला कल्पना असेलच असे नाही. ‘अमुक स्कूटरच्या डिकीत माल आहे, आता लगेच जा’ अशी नेमकी आणि घाईची बातमी आली, तर बातमीदाराला ती जागा इतकी अचूक कशी माहीत, हे विचारल्याशिवाय जागेवरून हलू नये. दुष्ट हेतूने खोटी माहिती देऊन झडती किंवा अटक घडवून आणणाऱ्याला अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि भारतीय न्याय संहितेची कलमे २१७ व २४८ देखील लागू पडू शकतात. हे बातमीदाराला पहिल्याच भेटीत शांतपणे सांगावे. प्रामाणिक माणूस त्यामुळे मागे हटत नाही, असा माझा अनुभव आहे.

भेट कुठे आणि कशी

मोठ्या शहरातील पद्धती गोव्यात जशाच्या तशा चालत नाहीत. आपली गावे लहान आहेत. सकाळी पोदेर पाव घेऊन येतो तेव्हापासून वाड्यावर कोण आले, कोण गेले याची दखल घेतली जाते, आणि साध्या वेशातला पोलीस गावात कोणालाच साधा वाटत नाही. बातमीदाराच्या वाड्यावर, त्याच्या नेहमीच्या तिंट्यावर (गावच्या चौकावर) किंवा ठाण्याच्या आवारात त्याला भेटू नये. दोघांनाही जाण्याचे स्वाभाविक कारण असेल अशी जागा निवडावी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात दोन माणसे एका दुकानाशी उभी राहिली तर कोणी वळून पाहत नाही; तीच दोन माणसे हरमलच्या एखाद्या आडवाटेवर उभी दिसली, तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळते.

मोसमाचाही विचार करावा. मेअखेर शॅक उतरतात, तेथील कामगार आपापल्या गावी जातात आणि आपले किनाऱ्यावरचे स्रोत पांगतात. ऑक्टोबरमध्ये नव्याने परिचय करून घ्यावे लागतात. चतुर्थीच्या दिवसांत घरे नातेवाइकांनी भरलेली असतात, तेव्हा कोणाला घरी फोन करणेदेखील टाळावे.

भेटीला शक्यतो दोन अधिकारी असावेत. यामागे अविश्वास नाही. एकटा अधिकारी आणि एकटा बातमीदार यांच्यात काय ठरले, किती पैसे दिले गेले, यावर पुढे वाद झाला तर दोघांनाही साक्षीला कोणी नसते. स्त्री बातमीदाराशी भेट असेल तर महिला अधिकारी सोबत असलीच पाहिजे.

फोन हा आजचा सर्वांत मोठा धोका आहे. स्वतःच्या खासगी फोनवर बातमीदाराचे नाव, छायाचित्र किंवा व्हॉट्सॲपवरील संवाद ठेवू नयेत, आणि पथकाच्या ग्रुपवर त्याचा उल्लेखही करू नये. छापा खरोखर सांगितलेल्या वेळी आणि ठिकाणी झाला का, हे दाखवण्यासाठी आरोपी छापा टाकणाऱ्या पथकाच्या फोनची नोंद मागवू शकतो. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी नोंद देण्यास परवानगी देताना इतरांचे क्रमांक झाकण्याची मुभा दिली होती. परंतु त्या मुभेवर विसंबून छाप्याच्या तासभर आधी आपल्या फोनवरून बातमीदाराला पाच वेळा फोन करणे हा शुद्ध निष्काळजीपणा होय.

बातमी तोलणे

बातमीदाराचे बोलणे संपेपर्यंत मध्ये बोलू नये आणि नाव सुचवू नये. ‘तो अमुकच का?’ असे आपण विचारले की बहुतेक माणसे ‘हो’ म्हणतात, कारण साहेबांना ते हवे आहे हे त्यांना कळते. त्याचे सांगून झाल्यावर प्रत्येक वाक्याबाबत एकच विचारावे: हे तुम्ही स्वतः पाहिले, दुसऱ्याकडून ऐकले, की तुमचा तसा अंदाज आहे? तिन्हींची वेगवेगळी टिपणे ठेवावीत. ‘त्याच्याकडे रोज परदेशी येतात’ हे त्याने पाहिलेले असू शकते; ‘म्हणजे तो माल विकतो’ हा त्याचा अंदाज असतो. गुप्तवार्तेच्या कामात स्रोताची विश्वासार्हता एका मापाने आणि त्या विशिष्ट बातमीची शक्यता दुसऱ्या मापाने, अशी दोन वेगळी मोजमापे करण्याची जुनी पद्धत आहे, ती अंगी बाणवावी. दहा वेळा खरे बोललेला माणूस अकराव्या वेळी ऐकीव गोष्ट आणू शकतो.

त्यानंतर स्वतः पडताळणी करावी. येथे एक सापळा आहे. बातमीदाराने सांगितले की संशयिताची निळी मोटार आहे, तो शिवोलीत राहतो आणि सकाळी उशिरा उठतो; आपण जाऊन पाहिले तर तिन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या आणि आपण म्हणालो की बातमी पक्की. वास्तविक या तिन्ही गोष्टी शेजारच्या कोणालाही माहीत असतात, आणि त्यांच्यावरून गुन्ह्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही. पडताळणी व्हायला हवी ती गुन्ह्याशी जोडलेल्या, सहजासहजी बाहेर न दिसणाऱ्या गोष्टीची: ठराविक वेळी होणारी देवाणघेवाण, खोली कोणाच्या नावावर आहे आणि प्रत्यक्ष कोण राहते, परदेशी पाहुण्यांची नोंदणी झाली आहे का, कुरियरने येणारी पाकिटे कुठून येतात. दोन रात्री पाळत ठेवून काहीच दिसले नाही, तर तेही लिहून ठेवावे.

पडताळणी टाळल्याने काय होते, याचे मी कधीही न विसरलेले उदाहरण अमेरिकेतील अटलांटा शहरातले आहे. २१ नोव्हेंबर २००६ रोजी तेथील पोलिसांनी ‘बातमीदाराने या घरातून अमली पदार्थ विकत घेतले’ असे शपथेवर खोटे सांगून न ठोठावता शिरण्याचे वॉरंट मिळवले. दार फोडले जात असताना आत एकटीच असलेल्या ९२ वर्षांच्या वृद्धेने घाबरून एक गोळी झाडली, आणि पोलिसांनी ३९ गोळ्या झाडून तिला ठार केले. नंतर त्यांनी घरात गांजा ठेवला आणि एका बातमीदाराला ‘मी तेथून माल घेतला होता’ असे खोटे सांगण्यास भाग पाडू पाहिले. तो बातमीदार खरे बोलला, म्हणून प्रकरण उघडकीस आले आणि ते अधिकारी तुरुंगात गेले. असा अधिकारी एका दिवसात घडत नाही. न झालेली भेट झाल्याचे लिहिणे आणि एका बातमीदाराचे श्रेय दुसऱ्याच्या खात्यावर टाकणे, अशा लहान सवयींपासून त्याची सुरुवात होते.

नोंद: काय लिहावे आणि काय लिहू नये

गुप्तता म्हणजे नोंद न ठेवणे, असा समज अनेकांचा असतो आणि तो घातक आहे. बातमीदाराचे खरे नाव आणि पत्ता एका बंद पाकिटात वरिष्ठांच्या ताब्यात असावा आणि इतर सर्व कागदांवर केवळ सांकेतिक क्रमांक असावा. प्रत्येक भेटीचे टिपण त्याच दिवशी लिहावे. ब्रिटनमध्ये २००० सालच्या कायद्याने एक अधिकारी रोजचा संपर्क ठेवणारा, दुसरा त्यावर देखरेख करणारा आणि नोंदी सांभाळण्याची जबाबदारी निश्चित केलेली, अशी रचनाच करून दिली आहे. आपल्याकडे बातमीदारांसाठी असा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून ही शिस्त आपणच पाळायची आहे.

केस डायरीत, म्हणजे तपासाच्या रोजच्या नोंदीत, नाव लिहू नये. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२ प्रमाणे आरोपीला डायरी पाहण्याचा सर्वसाधारण अधिकार नसला तरी न्यायालय ती मागवू शकते, आणि अधिकाऱ्याने साक्षीच्या वेळी स्मरणासाठी तिचा आधार घेतला तर तेवढा भाग आरोपीसमोर खुला होतो.

अमली पदार्थांच्या बाबतीत बातमी लेखी उतरवणे हे कायद्याचे बंधनच आहे. इमारत, वाहन किंवा बंदिस्त जागेची झडती घ्यायची असेल, तर अमली पदार्थ कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे मिळालेली माहिती लिहून काढून तिची प्रत ७२ तासांच्या आत निकटच्या वरिष्ठांकडे पाठवावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय शिरायचे असेल तर त्यामागील कारणेही लिहावी लागतात. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की विलंबाचे समाधानकारक कारण देता येते, पण या तरतुदीचे पालन मुळीच केले नाही तर ते खपवून घेतले जाणार नाही. म्हणून ठाणे सोडण्याआधी लिहावे, वेळ घालावी आणि ठाणे डायरीत नोंद करावी. छाप्यानंतर बसून मागची वेळ घालून लिहिलेला कागद उलटतपासणीत टिकत नाही, आणि तो लिहिणे हाच गुन्हा आहे.

आता एक चूक सांगतो, जी माझी स्वतःची आहे. एका प्रकरणात भाड्याच्या बंगल्याची राखण करणाऱ्या माणसाने मला माल कुठे ठेवला आहे ते सांगितले, आणि मी कलम ४२ च्या टिपणात उत्साहाने लिहिले की ‘वरच्या मजल्यावरील मागील खोलीत फ्रिजच्या पाठीमागे लपवून ठेवला आहे’. माल तेथेच सापडला, छापा यशस्वी झाला, माझे कौतुक झाले. आरोपपत्रासोबत ते टिपण आरोपीच्या हाती गेले. त्या खोलीत आरोपीखेरीज फक्त हा राखणदार झाडलोट करायला जात असे. मी कुठेही नाव लिहिले नव्हते, तरी मीच त्याला उघडे पाडले होते. त्याला धमक्या येऊ लागल्या आणि महिन्याभरात कुटुंबासह गोवा सोडून जावे लागले. ‘अमुक घरात अमली पदार्थांचा साठा असून तो आज विकला जाण्याची शक्यता आहे’ एवढे लिहिणे कायद्याला पुरेसे होते. त्यानंतर मी प्रत्येक टिपण एकदा आरोपीच्या नजरेने वाचत असे: हे वाचून त्याच्या डोळ्यांसमोर किती चेहरे येतील? एकच येत असेल, तर वाक्य बदलायचे. बातमी पोचल्यापासून ती वापरेपर्यंत थोडा काळ जाऊ देणे, किंवा पाळतीतून आपल्याला स्वतंत्रपणे दिसलेली गोष्ट आधार म्हणून मांडणे, हेही याच कारणासाठी करावे. अर्थात खोटा आधार मात्र कधीही रचू नये.

छाप्याच्या वेळी

सार्वजनिक जागी कारवाई असेल तर अमली पदार्थ कायद्याचे कलम ४३, आणि अंगझडती घ्यायची असेल तर कलम ५० लागू होते: राजपत्रित अधिकाऱ्यासमोर किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती घेतली जाण्याचा हक्क त्या व्यक्तीला तिला समजेल अशा भाषेत सांगावा. किनाऱ्यावर हे महत्त्वाचे ठरते, कारण समोरचा माणूस रशियन किंवा हिब्रू बोलणारा असू शकतो. अटक किंवा जप्तीनंतर ४८ तासांच्या आत कलम ५७ चा अहवाल वरिष्ठांकडे जावा.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रीकरण आवश्यक केले आहे. यामुळे प्रामाणिक अधिकाऱ्याचे काम सोपे झाले, परंतु बातमीदाराच्या दृष्टीने नवी काळजी आली. ई-साक्ष्य ॲपवर चित्रीकरण चालू असताना पथकातील कोणी ‘त्याने तर पलंगाखाली सांगितले होते’ असे बोलून गेला, तर ते वाक्य न्यायालयात ऐकले जाईल. निघण्यापूर्वी पथकाला बजावून सांगावे की जागेवर बातमीचा उल्लेख होणार नाही. बातमी ‘फ्रिजच्या मागे’ अशी असली तरी झडती दारापासून क्रमाने सुरू करावी. थेट फ्रिजकडे चालत जाणारा अधिकारी न बोलताही सर्व सांगून टाकतो.

पैसे आणि आश्वासने

बक्षीस देण्यात गैर काही नाही. सीमाशुल्कासारख्या खात्यांत त्यासाठी लेखी नियम आहेत. आपल्याकडेही जे द्यायचे ते मंजूर निधीतून, वरिष्ठांच्या मान्यतेने, सांकेतिक क्रमांकावर पावती घेऊन द्यावे. अटक झाली तरच पैसे, असे ठरवू नये. त्यामुळे अटक घडवून आणण्याचा मोह बातमीदाराच्या मनात आपणच पेरतो. बातमी खरी होती, पण संशयित आदल्या रात्री निघून गेला, तरी ठरलेली रक्कम द्यावी.

जप्त केलेल्या मालातून बातमीदाराला थोडासा देणे, त्याच्या विक्रीकडे डोळेझाक करणे, किंवा ‘मोठा मासा दे, तुझे लहान चालू दे’ अशी मुभा देणे हा सरळ गुन्हा आहे. बहुतेक अधिकारी येथूनच घसरतात. २०१० मध्ये गोव्याच्या अमली पदार्थ विरोधी विभागातील काही पोलीस विक्रेत्यांशी संगनमत केल्याच्या आरोपावरून अटकेत गेले आणि तपास पुढे सीबीआयकडे सोपवला गेला, हे आपल्या खात्याने लक्षात ठेवायला हवे. पोलीस आणि विक्रेता एकच आहेत अशी शंका लोकांच्या मनात शिरली, की सरळ माणूस बातमी घेऊन येण्याचे थांबतो आणि आपल्याकडे केवळ धंद्यातलेच बातमीदार उरतात.

गुन्ह्यातून सोडवण्याचे आश्वासन देऊ नये, कारण तो अधिकार आपला नाही. माफी न्यायालय देते. अमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४ खाली खटल्यापासून मुक्तता देण्याचा अधिकार सरकारचा आहे. सहकार्याची माहिती योग्य ठिकाणी मांडू, एवढेच सांगता येते, आणि सांगितले तर ते करावेच.

कोणाला या कामात ओढू नये

अल्पवयीन मुलाला कधीही नाही. वेश्याव्यवसायातून सुटका झालेली स्त्री ही पीडित आहे. तिच्याकडून दलालाची माहिती मिळाली तरी तिला परत त्या जागी पाठवून आणखी माहिती काढणे हे अमानुष आहे. वकील, डॉक्टर आणि धर्मगुरू यांना विश्वासाने सांगितलेल्या गोष्टींचा स्रोत बनवू नये.

अल्प मात्रेसह पकडलेला तरुण व्यसनी हा सर्वांत सोपा बातमीदार वाटतो, आणि माझ्या मते तोच सर्वांत धोक्यात असतो. सेवनासाठी अमली पदार्थ कायद्याच्या कलम २७ खाली पदार्थानुसार सहा महिन्यांपर्यंत किंवा एक वर्षापर्यंत शिक्षा आहे. ती टाळण्यासाठी तो काहीही कबूल करतो आणि कुठेही जायला तयार होतो. फ्लोरिडातील टॅलहॅसी येथे २००८ मध्ये पोलिसांनी अशाच एका २३ वर्षांच्या तरुणीला १३,००० डॉलर देऊन अमली पदार्थ आणि पिस्तूल विकत घेण्यासाठी पाठवले. पोलिसांची नजर चुकली आणि विक्रेत्यांनी तिला ठार केले. पुढल्याच वर्षी तेथे कायदा झाला, ज्यात बातमीदाराचे वय व परिपक्वता पाहणे आणि त्याने मागितल्यास वकिलाचा सल्ला घेऊ देणे पोलिसांवर बंधनकारक झाले. आपल्या अमली पदार्थ कायद्यात व्यसनी व्यक्तीसाठी कलम ६४अ आहे: अल्प मात्रेच्या प्रकरणात ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घ्यायला तयार असेल आणि ते पूर्ण करीत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. त्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना हे कलम समजावून सांगून बांबोळीच्या मानसोपचार रुग्णालयाची वाट दाखवावी. त्याने नंतर शुद्धीवर येऊन स्वतःहून काही सांगितले तर ऐकावे.

ज्यांना समोर यायचेच नाही अशा नागरिकांना १९३३ हा राष्ट्रीय अमली पदार्थ मदत क्रमांक सांगावा. ‘मानस’ नावाची ही सेवा जुलै २०२४ पासून सुरू आहे.

न्यायालयात

भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३१ प्रमाणे गुन्ह्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, आणि अमली पदार्थ कायद्याचे कलम ६८ हेच संरक्षण देते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(छ) मुळे अर्जाद्वारेही गोपनीय स्रोत उघड करावा लागत नाही. साक्ष देताना ‘हे सांगण्यास मी कायद्याने बांधील नाही’ एवढे नम्रपणे म्हणावे. ‘मला आठवत नाही’ असे म्हणू नये, कारण ते खोटे असते. काल्पनिक बातमीदार उभा करण्यासाठी तर या कलमांचा आडोसा कधीच घेऊ नये. हे संरक्षण बातमीच्या उगमाला आहे. माल कुठे सापडला, मोहोर कोणी लावली, नमुने दंडाधिकाऱ्यांसमोर कधी काढले, या प्रश्नांची उत्तरे पूर्णपणे द्यावीच लागतात.

नाव फुटले, किंवा आपली बदली झाली

नाव फुटल्याची शंका आली की प्रथम त्याला सावध करावे आणि त्याच दिवशी वरिष्ठांना लेखी कळवावे. आपली चूक झाकण्यासाठी थांबू नये. त्याच्या घराभोवती गणवेशातील पहारा ठेवल्याने शंकेची खात्री होते, म्हणून तात्पुरते स्थलांतर अधिक बरे. तो पुढे साक्षीदार होणार असेल, तर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली अर्ज करता येतो. तेथे पोलिसांचा धोका विश्लेषण अहवाल मागवला जातो आणि जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती निर्णय घेते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ ने अशी योजना करणे राज्य सरकारांवर सोपवले आहे. जो कधीच साक्षीदार होणार नाही, त्याच्यासाठी ही योजना नाही. त्याचे संरक्षण सर्वस्वी आपल्या खात्याच्या माणुसकीवर अवलंबून राहते, आणि ही उणीव दूर व्हावी असे मला मनापासून वाटते.

बदलीच्या वेळी बातमीदाराला टेबलावरच्या फायलीसारखे पुढच्या अधिकाऱ्याच्या हवाली करू नये. त्याला स्वतः भेटून विचारावे. त्याची तयारी असेल तर नव्या अधिकाऱ्याशी ओळख करून द्यावी. तयारी नसेल तर उरलेली रक्कम चुकती करावी, पुन्हा कोणी त्याच्याकडे येणार नाही याची हमी वरिष्ठांकडून घ्यावी, पाकिटावर ‘संपर्क बंद’ अशी तारखेसह नोंद करावी आणि पुढे कधी तो म्हापशाच्या बाजारात समोरून आला तर ओळख न दाखवता निघून जावे.